आप्पांच्या खिशातल्या लाह्या

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होतात आणि तुमच्या मध्ये बादलीएवढा कागदी डबा होता. बोलता बोलता तुमचे हात त्यात जात होते आणि मूठभर पांढरं काहीतरी घेऊन वर येत होते. आजी, तू लहान होतीस तेव्हा पॉपकॉर्न होते का, असं तुम्ही विचारलंत. होते, असं मी म्हणाले आणि पावसाचं विचारून विषय बदलला. खरं म्हणजे मी लहान असताना नव्हतेच. पण तुमची आई लहान असताना होते, आणि त्यांनी आमच्या घरात एक अख्खा श्रावण नासवला होता. नासवला हा शब्द बरोबर आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

इथे आता पुन्हा श्रावण लागला आहे. खालच्या वाण्याकडे नागपंचमीच्या लाह्या आल्या आहेत, प्लास्टिकच्या पिशव्यांत. काल मी एकेक पिशवी उजेडाकडे धरून तळाशी न फुटलेले दाणे किती आहेत ते पाहिलं, दोन मागे ठेवल्या आणि तिसरी घेतली. वाणी काही बोलला नाही. तो मला तीस वर्षं ओळखतो.

तुमची आई म्हणते, मी संशयी आहे. आहे. दूध तापवायच्या आधी मी त्याचा वास घेते, दाराला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघते, आणि कुणी फार गोड बोललं तर त्याला काय हवं असेल याचा विचार करत राहते. शाळेत शिकवत होते तेव्हा वर्गात मुली माझ्याकडे बघून भाबडा चेहरा करत तेव्हा मी आधी त्यांच्या बाकाखाली पाहत असे. बहुतेक वेळा बाकाखाली काहीतरी असेच. संशय हा दुर्गुण आहे असं सगळे सांगतात, पण संशयी माणसाचं दूध कधी नासत नाही, हे कुणी सांगत नाही.

तर ऐका. गोष्ट म्हणून काही फार नाही. एक श्रावण आहे, एवढंच.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. वाशीला राहायला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं. तुम्ही पाहिलेली वाशी मनातून पुसून टाका. तेव्हा इथे इमारती होत्या, पण त्या एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या लांब लांब उभ्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत पाणी साचून राही आणि त्यात भाताची चुकार रोपं आपोआप उगवत. पेरणारं कुणी उरलं नव्हतं, तरी उगवत. बगळे त्यांत उभे राहून आमच्या गॅलऱ्यांकडे बघत. ओहोटीच्या वेळी खाडीचा वास स्वयंपाकघरापर्यंत येई, आणि कपडे चार-चार दिवस वाळत नसत. नुकताच कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार इकडे आल्यामुळे मोठ्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक धावत. रस्ता रुंद, सरळ, नवा. ट्रकवाल्यांना तो इतका आवडला होता की ते कुणासाठीच थांबत नसत. त्या रस्त्याच्या अलीकडे आमची सोसायटी होती आणि पलीकडे अनूची शाळा.

अनू म्हणजे तुमची आई. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

त्याच वर्षी मला खाडीपलीकडच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती. अजून कायम व्हायचं होतं, ते नोव्हेंबरात ठरणार होतं. तुमचे आजोबा तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळ्यांनी काम करायचे. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची, आणि उरलेल्या वेळात झोप. त्यांचा माझ्या नोकरीला विरोध नव्हता, पण एक अट होती. मुलीची आबाळ होता कामा नये. झाली, तर नोकरी बंद. त्यांचे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, आमच्याकडे राहत. त्यांना सगळे आप्पा म्हणत, अनूसुद्धा. आयुष्यभर देशावरच्या तार ऑफिसांत तारमास्तर म्हणून काढलेलं, बोलणं मोजकं. नोकरीचं ठरलं त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, मी आहे ना. दुपारी बाराला शाळेत नेऊन सोडणार आणि पाचला घेऊन येणार. माझी सगळी नोकरी त्यांच्या त्या वाक्याला टांगलेली होती. आणि मला टांगलेल्या गोष्टींची खात्री नसते.

नागपंचमीच्या आधीचा शुक्रवार होता. पहाटे पाणी यायचं तेव्हाच मी कपडे भिजवत असे. भिजवण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा, हा माझा नेम. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशातून तीन लाह्या खाली पडल्या. आधी मला वाटलं, नागपंचमीच्या असतील. पण आमच्याकडच्या लाह्या ज्वारीच्या, बारीक. या चांगल्या बोराएवढ्या होत्या, पिवळसर, आणि बोटाला मीठ लागलं. वास घेतला तर लोण्याचा. मक्याच्या लाह्या.

तुम्हाला यात काय विशेष, असं वाटेल. सांगते. पहिलं म्हणजे, आदल्या दिवशी गुरुवार होता आणि गुरुवारी आप्पांचा दत्ताचा कडक उपवास असे. दिवसभर एक कप दूध. दुसरं म्हणजे, आप्पांना वरखाली कवळी होती. फुटाणा सोडा, भाकरीचा पापुद्रासुद्धा ते दुधात बुडवून खात. मक्याच्या लाहीत एखादा अर्धवट फुटलेला दाणा दाताखाली आला असता तर कवळीचे दोन तुकडे झाले असते. आणि तिसरं म्हणजे, लोण्याचा वास येणाऱ्या मक्याच्या लाह्या तेव्हा आमच्या भागात एकाच ठिकाणी मिळत. नव्या थिएटरात. दारातून आत गेलं की डाव्या हाताला काचेची एक पेटी होती, तिच्यात दिवा लावलेला, आणि आत दाणे तडतडत उडत. मी ते एकदाच पाहिलं होतं. ते दाणे कुठल्या तेलात फुटतात, ते काही मला दिसलं नव्हतं, म्हणून मी ते घेतले नव्हते.

म्हणजे उपवासाच्या दिवशी, ज्या माणसाला लाही चावता येत नाही, तो भरदुपारी सिनेमाला गेला होता. मग लाह्या कुणी खाल्ल्या?

मी त्या तीन लाह्या पाकिटात घातल्या आणि पाकिटावर तारीख लिहिली. हसू नका. तारीख लिहिली नाही की चार दिवसांनी आपणच आपल्याला खोटं पाडतो.

समोरच्या ब्लॉकमध्ये सुमनताई राहायच्या. नांदेडकडच्या. हॉस्पिटलात सिस्टर होत्या, आणि बोलणं असं की जखमेवर आयोडीन ओतावं. मी सहज म्हणून त्यांच्याकडे विषय काढला. त्या म्हणाल्या, म्हातारा माणूस सिनेमा बघतो, बँक लुटत नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, पण एक सांगू का, परवा तुमचे आप्पा आणि नामीबाई एका छत्रीतून जाताना दिसले होते.

नामीबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. खाडीकडच्या गावातली आगरी बाई, पन्नाशी ओलांडलेली, माहेर तळवलीचं. ताठ मान, डोक्यावर टोपली, आणि जिन्यात शिरायच्या आधीच तिची हाक वरपर्यंत पोचायची. श्रावणात मात्र तिची हाक बंद. सगळ्या इमारतीत कुणी मासळीला शिवत नसे. अपवाद फक्त सुमनताईंचा. त्यांच्या घरी बुद्धाची तसबीर होती, श्रावण त्यांचा नव्हताच, आणि त्या हसत म्हणायच्या की श्रावणात या इमारतीत नामीबाईचं दुकान मी एकटी चालवते. तेव्हा नामीबाईच्या दुपारी श्रावणात मोकळ्या असतात, हे मला माहीत होतं. फक्त त्या कुठे जातात हे माहीत नव्हतं.

एका छत्रीतून. विधुर सासरे. मासळी विकणारी विधवा बाई. मी एम.ए. झाले होते, मोठमोठ्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या होत्या, आणि तरीही माझ्या मनात जे आलं ते अगदी चाळीतल्या नळावर येईल तसंच आलं. सोसायटीत कळलं तर काय होईल, हे आधी आलं. आप्पांचं काय, हे फार नंतर. आणि त्याच्याही नंतर आलं, की आप्पा दुपारी भलत्याच ठिकाणी असतात तर पाच वाजता अनूला कोण आणतं?

तुमच्या आजोबांना सांगितलं. ते रात्रपाळी करून आले होते. डोळे न उघडता म्हणाले, तू पण ना, शालिनी. आणि कुशीवर वळले.

मग मी अनूला विचारलं. केस विंचरताना विचारलं, कारण तेव्हा मुलीला पळता येत नाही. शाळेतून येताना आप्पांबरोबर आणखी कुणी असतं का? तिची मान एकदम ताठ झाली. मग ती म्हणाली, "आप्पांनी सांगितलंय, आईला सांगायचं नाही."

ते वाक्य ऐकल्यावर माझ्या हातातली फणी केसांतच राहिली. पोटच्या पोरीच्या तोंडून हे वाक्य कुठल्याही आईने ऐकू नये. ती पुढे काहीच बोलली नाही. तिच्या दप्तराच्या तळाशी, कंपासपेटीखाली, मला आणखी लाह्या सापडल्या. मऊ पडलेल्या. म्हणजे पोरीला गप्प बसण्याबद्दल खाऊ मिळत होता.

श्रावणाचं लोक फार कौतुक करतात. ऊन आणि सर, हिरवळ, सणवार. माझ्या त्या श्रावणात सगळ्याच गोष्टी अर्धवट उजेडात होत्या. ऊन पडलं म्हणावं तर पाऊस, पाऊस म्हणावा तर ऊन. नागपंचमीला मी पाटावर नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या, त्या दिवशी चिरायचं नाही म्हणून सुरी उचलून ठेवली, आणि सगळा वेळ आप्पांकडे बघत राहिले. ते प्रसादाच्या लाह्या तळहातावर घेऊन बोटांनी चाचपत होते. मला ते नाटक वाटलं. जेवताना ते पाण्याचा तांब्या शोधत तेव्हा वाटे, माझी नजर चुकवताहेत. वर्तमानपत्र घेऊन बसत पण पान उलटत नसत, तेव्हा वाटे, मन दुसरीकडे आहे. संशयाचं असं असतं बघा. त्याला सगळं दिसतं, आणि जे दिसतं ते सगळं त्याच्या उपयोगी पडतं.

पुढच्या गुरुवारी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. गुरुवारच का, तर सिनेमे शुक्रवारी बदलतात. गुरुवारी दुपारच्या खेळाला जुन्या सिनेमाचा शेवटचा दिवस असतो आणि थिएटर रिकामं असतं. हे त्या दोघांनी हेरलं होतं आणि मी पण हेरलं.

मी आत शिरले तेव्हा सिनेमा सुरू झालेला होता. ओल्या छत्र्यांचा, फरशीवरच्या चिखलाचा आणि लोण्याचा वास एकत्र झाला होता. पंखे गरगरत होते. सगळी मिळून वीसेक माणसं असतील. बाकीची सगळी पुढे आणि मधोमध बसली होती. आप्पा आणि नामीबाई मात्र एका बाजूला, भिंतीकडेला बसले होते. मी त्यांच्या मागे दोन ओळी सोडून खांबाच्या आड बसले. आप्पांनी कागदाची पुडी दोन्ही हातांत धरली होती. नामीबाई त्यातून लाह्या घेऊन खात होती, निवांत, मोठ्या आवाजात चावत. आणि बोलत होती. सारखी बोलत होती.

मी कान दिला.

"बंगला हाय. लय मोठा. मधी जिना हाय. ती उतरते."

"साडी?" आप्पांनी विचारलं.

"हिरवी. भाताच्या रोपावानी. काठ पिवला."

"आणि तो?"

"त्यो खांबामागं. चोरून ऐकतोय. मिशी लावलीय, खोटी. मना हितून कलतंय, हिला येवढ्या जवलून कलत नाय. येडी."

आप्पा हसले. मी त्यांना घरात कधी आवाज करून हसताना ऐकलं नव्हतं. मग गाणं लागलं, आणि नामीबाई पुन्हा सांगायला लागली तेव्हा ते म्हणाले की गाण्यात नको, गाणं मला ऐकू येतं. ती गप्प झाली आणि लाह्या खायला लागली. गाण्याच्या वेळी आप्पा पडद्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांचा चेहरा जरा खाली आणि कान पुढे होता, तार यायची वाट बघत असल्यासारखा. बोटांनी ते खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरत होते. गाणं संपलं तसे त्यांनी पुडीतून मूठभर लाह्या चाचपून उचलल्या आणि खिशात टाकल्या. त्यांतल्या दोन खिशाच्या बाहेर पडल्या. त्यांच्या मांडीवरच पडल्या, पांढऱ्या धोतरावर. त्या त्यांना दिसल्या नाहीत.

मग ते म्हणाले, "आता पडद्यावर कोण आहे?"

पडदा भिंतीएवढा होता आणि त्यावर त्या वेळी एका माणसाचा नुसता चेहरा होता.

मला कळलं, आणि सगळ्यात आधी मला रस्ता दिसला. बाजाराचे ट्रक, कांद्याच्या पोत्यांनी एका बाजूला कललेले. माझी सहा वर्षांची मुलगी. आणि तिचा हात धरून तिला रोज दोनदा त्या रस्त्यापलीकडे नेणारा, भिंतीएवढा चेहरा न दिसणारा माणूस.

मी मध्यंतराला बाहेर पडले. पाच वाजेपर्यंत मी रस्त्याच्या अलीकडे, शाळेसमोरच्या एका अर्धवट बांधलेल्या दुकानाच्या आडोशाला उभी होते. शाळा सुटली, आणि ती तिघं फाटकातून बाहेर आली. आप्पा मध्ये. एका बाजूला अनू, त्यांची करंगळी धरून. दुसऱ्या बाजूला, जिकडून ट्रक यायचे त्या बाजूला, नामीबाई, कमरेवर रिकामी टोपली. रस्त्याच्या कडेला तिघंही थांबली. नामीबाईने टोपली एका हातात घेऊन ट्रकसमोर अशी धरली की ड्रायव्हरला थांबावंच लागलं. मग ती काही तरी बोलली आणि तिघं चालायला लागली, धावत नाही, रमत नाही, एका चालीने. अलीकडे पोचल्यावर अनू म्हणाली, आप्पा, इथे खड्डा. आप्पांनी पाय उंच उचलला. माझ्या मुलीने हे किती दिवस केलं असेल, कुणास ठाऊक. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही. एक जबाबदार माणूस दिसला, आणि त्याचाच मला राग आला.

संध्याकाळी आप्पा गॅलरीत बसले होते. मी ते तारखेचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी आतलं चाचपलं.

"मक्याच्या आहेत," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पाठलाग केलास का?"

मी हो म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, सरळ, एखादा अहवाल द्यावा तसं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उन्हाळ्यातच एकटेच जाऊन डॉक्टरांना दाखवून आले होते. डॉक्टर म्हणाले, अजून पिकू दे, आणि पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर काढू. त्या वेळी तसंच करत. मोतीबिंदू म्हणजे आंबा असल्यासारखा तो पिकायची वाट बघायची. आप्पांनी मनाशी जुळवून पाहिलं होतं. दिवाळी नोव्हेंबरात, मी कायम होणार तेही नोव्हेंबरात. तेवढे चार महिने निभावले की झालं. मुलाला कळलं तर तो पहिल्यांदा काय बंद करील, हे त्यांना माहीत होतं. माझी नोकरी.

नामीबाईची भेट रस्त्यावरच झाली होती. एक दिवस आप्पा अनूला घेऊन कडेला उभे होते, रस्ता मोकळा असूनही अर्धा तास उभे होते. मास्तर, गाडी नाय येत, कशाला थांबलाव, असं तिने विचारलं. आप्पा म्हणाले, नक्की नाही ना? त्या एका प्रश्नात तिला सगळं समजलं. त्या दिवसापासून ती दोन्ही वेळा येऊन उभी राहू लागली. पैसे घेईना. म्हणून गुरुवारचा सिनेमा आणि एक पुडी. आणि सिनेमा सांगण्याची कल्पनाही तिचीच.

मी त्यांना एकच विचारलं, अनूला काही झालं असतं तर?

त्यांनी पाकीट मिटून मांडीवर ठेवलं. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मग म्हणाले, "नामीबाई भेटायच्या आधी आठ दिवस मी एकटाच नेत होतो. ते आठ दिवस आठवले की मला झोप लागत नाही, शालिनी."

तुम्हाला वाटेल, मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल. नाही आलं. मी फार रागावले होते. माझ्याच भल्यासाठी त्यांनी माझ्याच मुलीचा जीव धोक्यात घातला होता, आणि तिला खोटं बोलायला शिकवलं होतं, लाह्या देऊन. प्रेमाने केलेली लबाडी ही लबाडीच असते. ट्रकला त्यातलं प्रेम कळत नाही. हे मी आजही म्हणते. आणि हेही म्हणते की माझ्यासाठी असली लबाडी दुसऱ्या कुणी केलेली नाही.

पुढे जे झालं ते तुम्हाला घरच्या फोटोंतून माहीत आहे. दिवाळीनंतर ऑपरेशनं झाली, आप्पांना जाड भिंगाचा चष्मा लागला. मी कायम झाले आणि सव्वीस वर्षं शिकवलं. चष्मा लागल्यावर नामीबाई दारात आली तेव्हा आप्पांनी तिला ओळखलंच नाही. ती बोलली तेव्हा ते उठून उभे राहिले. तुमच्या आजोबांना मी हे सगळं ऑपरेशनच्या दिवशी सांगितलं, त्याआधी नाही. थिएटरच्या जागी आता कपड्यांची दुकानं आहेत. आणि तुमच्या आईला विचारलंत तर ती म्हणेल, मला काही आठवत नाही. तिच्यावर विश्वास ठेवू नका. तिला सगळं आठवतं.

पण मला लिहायचं होतं ते दुसऱ्या दिवशीचं, शुक्रवारचं.

रात्रभर मी ठरवत होते. नोकरी सोडायची, की त्या बाईच्या हातात पोरगी द्यायची. तिसरा रस्ता नव्हता. सकाळी शाळेत आजारी असल्याचा निरोप पाठवला, म्हणजे मीही खोटं बोलले, आणि दुपारी आप्पांना घरी बसवून अनूला घेऊन रस्त्याच्या कडेला गेले. नामीबाई आधीच येऊन उभी होती. आप्पा दिसले नाहीत, मी दिसले, तशी तिने टोपली खाली ठेवली.

मी तिला जे म्हणायचं ते म्हणाले. आप्पांनी मला सांगितलं. आता यापुढे ते येणार नाहीत. अनूला तुम्ही एकट्या न्याल-आणाल का. मी पैसे देईन. आणि मग, माझं तोंड आहेच तसं, मी विचारलं की तुम्ही रोज नक्की येताच ना, एखाद्या दिवशी चुकलात तर, आणि ट्रक थांबलाच नाही तर.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काल तुमी थेटरात आलतात. खांबामागं. मना दिसलं."

मी पदर सावरला.

"सेक्टरातल्या बाया मासा घेतात तवा कल्ले उघडून बगतात. बगावं. पैसं देतात. तुमी काल माज्याकडं तसं बगत व्हतात." तिने थिएटरच्या दिशेला मान हलवली. "ते थेटर हाय ना, हितं आमचं खाचर व्हतं. याच दिसांत मी गुडगाभर पान्यात लावनी करायचे. आमीबी तुमाला तसंच बगतो, बाई. कल्ले उघडून. ही कोन मानसं आली, कशाला आली. तुमचा म्हातारा पयला, ज्याने मना विचारलं, गाडी नक्की नाय ना. माज्या शब्दावर पाय टाकला त्याने."

ट्रक जात होते. एक गेला की त्याच्या मागून कांद्याच्या सालींची भिरभिरणारी रांग येई आणि आमच्या पायांशी बसे.

मग ती म्हणाली, "पैसं नको. पन इस्वास नाय तर पोर देऊ नका. मिटा डोले."

मला वाटलं, ती चिडवते आहे. ती चिडवत नव्हती. तिने टोपली उचलली, माझा उजवा हात धरला, आणि अनूने, काही न सांगता, सवयीने, डाव्या हाताची करंगळी धरली. मी डोळे मिटले. नामीबाईचा हात खरखरीत, गार आणि मिठाचा होता. एक ट्रक अगदी कानाजवळून गेला आणि माझा पदर उडाला. मग तिने हात दाबला आणि आम्ही चालायला लागलो.

डोळे मिटल्यावर रस्ता केवढा रुंद होतो, तुम्हाला सांगून कळणार नाही. पायाखालचं डांबर गरम होतं. डावीकडून एक हॉर्न वाजला, लांबून, मग जवळून. मी मनात पावलं मोजत होते आणि मोजणी चुकत होती. माझ्या करंगळीवर अनूची बोटं अगदी सैल होती, जराही घट्ट झालेली नव्हती. आणि मला राहवलं नाही. रस्त्याच्या बरोबर मध्यावर मी डोळे उघडले.

ट्रक थांबलेला होता. नामीबाई समोर बघत चालत होती. अनू माझ्या तोंडाकडे बघत होती, फुग्यासारखे गाल करून, परीक्षेत कुणाची कॉपी पकडल्यासारखी.

"आई, तू चोरून बघितलंस," ती म्हणाली. "आप्पा नाही बघत."

मी पुन्हा मिटले. उरलेला अर्धा रस्ता आम्ही तसाच पार केला.